मॉन्टगोमेरी काउंटी काउन्सिल: 'परवडणारी घरं' नक्की कोणाच्या खिशातून?

मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीत राहणाऱ्या मंडळींसाठी ही पोस्ट. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

काउन्सिलच्या, म्हणजे काउंटीचे कायदे आणि बजेट मंजूर करणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या, उमेदवारांची पत्रकं टपालात पडू लागली की सगळ्यांवर तीच तीन वाक्यं असतात. घरं परवडणारी हवीत, वाढ समतोल हवी, कराचा बोजा नको. याच्या विरोधात कोण बोलेल? म्हणून पत्रक वाचून उमेदवार कळत नाही. घर कुठे बांधायचं, त्यापायी लागणाऱ्या रस्त्याचे आणि शाळेचे पैसे कोणी द्यायचे, बिल्डरला सूट दिली तर ती रक्कम कोणाच्या घरपट्टीतून भरून काढायची, या तीन गोष्टींचा हिशोब एकाच वहीत आहे. जो उमेदवार एकच पान दाखवतो, त्याला बाकीची दोन उलटायला लावा.

आधी अधिकार कोणाचा ते बघू, कारण इथेच निम्मी आश्वासनं गळून पडतात. काउन्सिलमध्ये ११ जण आहेत, ७ आपापल्या डिस्ट्रिक्टमधून आणि ४ संपूर्ण काउंटीतून. ही रचना २०२२ पासूनची, त्याआधी ९ होते. काउंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे काउंटीचा निवडून आलेला कारभारी, मार्चमध्ये बजेट मांडतो, मे महिन्यात त्यावर शेवटचा हात काउन्सिल फिरवतं. झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येईल या नियमांत, तर काउन्सिलच मालक. झोनिंगच्या नियमात बदल झाला तर एक्झिक्युटिव्हला त्यावर व्हेटो नाही. त्यामुळे एक्झिक्युटिव्हचा उमेदवार 'मी तुमच्या गल्लीत ड्युप्लेक्स (एका इमारतीत दोन घरं) येऊ देणार नाही' म्हणाला, तर तो फार तर मत मांडू शकतो. उलट काउन्सिलचा उमेदवार 'मी अमुक शाळेत शिक्षक वाढवीन' म्हणाला, तर तेही त्याच्या हातात नाही. काउन्सिल शाळांसाठी रक्कम मंजूर करतं, ती शाळेत कशी खर्चायची ते बोर्ड ऑफ एज्युकेशन ठरवतं.

आता घरपट्टी. 'मी कराचा दर वाढवणार नाही' हे वाक्य खरं असूनही बिल वाढू शकतं, आणि बहुतेक वेळा वाढतंच. घराचं मूल्यांकन काउंटी करत नाही. ते राज्याचं खातं दर तीन वर्षांनी करतं आणि झालेली वाढ तीन वर्षांत समान वाटून लावतं. समजा ६ लाख डॉलरचं घर नव्या मूल्यांकनात ६ लाख ९० हजारांचं झालं. मग दरवर्षी ३० हजार चढणार, म्हणजे दर जागच्या जागी असतानाही पहिल्या वर्षी बिल ५ टक्क्यांनी वाढलं. उमेदवाराला विचारायचं ते हे: दर स्थिर ठेवणार, की जमा होणारी एकूण रक्कम स्थिर ठेवणार? दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दर वाढवण्याला कुलूपही आहे. २०२० च्या सार्वमतानंतर काउन्सिलला आदल्या वर्षीपेक्षा जास्त दर लावायचा असेल, तर सगळ्या सदस्यांनी हो म्हणावं लागतं. पण २०२३ मध्ये शाळांच्या खर्चासाठी घरपट्टी ४.७ टक्क्यांनी वाढलीच. एक्झिक्युटिव्हने तर १० टक्के मागितले होते. शिक्षणासाठी ही मर्यादा ओलांडायची वाट राज्याच्या कायद्याने ठेवली आहे. त्याच राज्याची दुसरी अट अशी की शाळांना दर विद्यार्थ्यामागे दिलेली रक्कम पुढच्या वर्षी कमी करता येत नाही. यंदा उदारपणे दिलेला डॉलर पुढच्या वर्षीचा पाया होतो. म्हणून 'या वर्षापुरतं शाळांना जास्त देऊ' असं म्हणणाऱ्या उमेदवाराला एक तर हा नियम माहीत नाही, किंवा माहीत असून तो बोलत नाही. मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

गणित तोंडपाठ ठेवा: दर १०० डॉलर मूल्यामागे लागतो, त्यामुळे दर १ सेंट वाढला की ६ लाखांच्या घराला वर्षाला ६० डॉलर. आता कोणी तीन सेंट म्हणालं तर कॅल्क्युलेटर काढायला नको.

होमस्टेड क्रेडिटबद्दलही बराच गोंधळ असतो. राहत्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये अशी ही सोय आहे. अर्ज एकदाच करायचा, पण करावा लागतो. आपोआप मिळत नाही. वरच्या उदाहरणात वाढ ५ टक्केच आहे, म्हणजे तिथे क्रेडिट असून नसल्यासारखं. मेरीलँडच्या काही काउंट्यांनी ही मर्यादा १० पेक्षा खाली आणली आहे, त्यामुळे 'आपणही आणू' असं आश्वासन कानावर येऊ शकतं. ऐकायला गोड आहे. पण घर विकलं गेलं की ही सवलत संपते आणि नवा मालक पूर्ण मूल्यावर भरू लागतो. मर्यादा जितकी कडक, तितका वीस वर्षं राहिलेल्या शेजाऱ्याचा भार काल आलेल्या कुटुंबावर सरकतो. घर घेताना विकणाऱ्याचं जुनं बिल पाहून बजेट बांधणारे इथेच फसतात. खरेदीनंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षाचा अंदाजे कर विक्रेत्याने लेखी द्यायचा असतो. तो कागद मागा.

इन्कम टॅक्सचं थोडक्यात: काउंटीचा दर वर्षानुवर्षं ३.२ टक्के होता, राज्याने घालून दिलेल्या कमाल मर्यादेला टेकलेला. २०२५ मध्ये राज्याने ती मर्यादा ३.३ केली. उमेदवार त्या ०.१ चं काय करणार, विचारून ठेवा. इथल्या कितीतरी घरांचा पगार केंद्र सरकारच्या नोकऱ्यांवर आणि कंत्राटांवर चालतो. त्या कमी झाल्या की सगळ्यात आधी ही जमा आटते आणि मग नजर घरपट्टीकडे वळते.

आता वाढ, आणि खरी भांडणं इथेच आहेत. नवीन घर बांधलं की बिल्डर इम्पॅक्ट टॅक्स भरतो, एक शाळांसाठी आणि एक रस्त्यांसाठी. रक्कम जागेनुसार बदलते. मेट्रोजवळच्या भागात कमी, क्लार्क्सबर्गसारख्या मोकळ्या जमिनीवर वसलेल्या भागात जास्त. पूर्वी एखाद्या भागातल्या शाळा क्षमतेच्या १२० टक्क्यांवर भरणार असा अंदाज आला की तिथे नव्या घरांना बंदीच लागायची. २०२० मध्ये ती बंदी काढली आणि गर्दी जास्त तिथे बिल्डरने जादा पैसे भरावे असा नियम आला. माझ्या मते हे योग्यच झालं. शाळेतली बरीचशी गर्दी जुन्या घरांत नवी कुटुंबं राहायला आल्याने होते, तिला बंदीने काय फरक पडणार? पण पैसे भरले म्हणून वर्ग लगेच उभा राहत नाही. 'शाळा आधी, घरं नंतर' म्हणणाऱ्याने ती बंदी परत आणणार का, हे हो किंवा नाही मध्ये सांगावं. आणि इम्पॅक्ट टॅक्स माफ करून घरं स्वस्त करू म्हणणाऱ्याने शाळा बांधायला पैसा कुठून आणणार ते सांगावं. २०२० मध्ये मेट्रो स्टेशनच्या जमिनीवर उंच इमारती बांधणाऱ्यांना १५ वर्षं घरपट्टी माफ करण्याचा कायदा झाला. एक्झिक्युटिव्हने व्हेटो केला, काउन्सिलने तो मोडून काढला. तिथे इमारत अन्यथा उभीच राहिली नसती तर काउंटीचं काही गेलं नाही. तशीही उभी राहिली असती तर १५ वर्षांचा कर गेला. सगळा वाद या एका 'तर'वर आहे, म्हणून मतदान कसं केलं आणि का, हे जुन्या सदस्यांना विचारण्यासारखं आहे.

ड्युप्लेक्स-ट्रिप्लेक्सच्या वादात तर व्हॉट्सअॅपवर वाट्टेल ते फिरतं. २०२४ मध्ये प्लॅनिंग बोर्डाने स्वतंत्र घरांच्या बऱ्याचशा झोनमध्ये दोन-तीन, आणि काही ठिकाणी चार घरांच्या इमारतींना वाट द्यावी असं सुचवलं, त्यावर गदारोळ झाला. जुलै २०२५ मध्ये काउन्सिलने मंजूर केलं ते त्यापेक्षा बरंच आवळलेलं आहे: ठराविक मोठ्या रस्त्यांलगतच, आणि तीन किंवा जास्त घरं असतील तर १५ टक्के घरं मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी राखून. तुमच्या आतल्या गल्लीला हा नियम लागू नाही. विरोध करायचा तर खुशाल करा, पण जो नियम झालाय त्याला करा.

एक गंमत. काउंटीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग, ९३,००० एकर, १९८० पासून शेतीसाठी राखीव आहे. तिथे २५ एकरांना एक घर, पण शेतकऱ्याला दर ५ एकरांमागे एक बांधकाम-हक्क दुसरीकडच्या बिल्डरला विकता येतो. म्हणजे आपला टीडीआरच! मुंबईत तो १९९१ च्या विकास नियमावलीत आला, इथे त्याच्या अकरा वर्षं आधी. मुद्दा असा की ही जमीन उघडायची नाही यावर बहुतेक उमेदवार ठाम असतात, तसं असावंही. मग नवी घरं आधीच वसलेल्या भागातच येणार. 'शेतजमीन वाचवा' आणि 'आमच्या भागात दाटी नको' ही दोन्ही वाक्यं एकाच पत्रकावर दिसली की ते पत्रक रीसायकलच्या डब्यात टाका.

भाड्याचा कायदा आपल्यातल्या अनेकांना थेट लागतो. मोठं घर घेतल्यावर पहिलं टाउनहाउस भाड्याने दिलेली मंडळी कमी नाहीत. २०२३ च्या कायद्याप्रमाणे वर्षाची भाडेवाढ महागाई अधिक ३ टक्के किंवा ६ टक्के, यातली जी कमी असेल तेवढीच. व्यक्तीच्या नावावर काउंटीत दोनपर्यंतच भाड्याची घरं असतील तर सूट आहे. तिसरं घेतलं की नियम लागला. नव्या इमारतींनाही सूट आहे, पण २३ वर्षांपुरती. आज पुरी झालेली इमारत २३ वर्षांनी कायद्यात येणार. बँका आणि गुंतवणूकदार या सरकत्या तारखेला बिचकतात, आणि पैसा नदीपलीकडे व्हर्जिनियात जातो अशी तक्रार आहे. कायदा रद्द करू नये असं माझं मत, पण सरकत्या वर्षांऐवजी ठराविक तारीख लावली तर भाडेकरूचं संरक्षण टिकेल आणि बांधणाऱ्यालाही हिशोब कळेल. उमेदवाराला 'भाडेनियंत्रणाच्या बाजूने की विरोधात' एवढंच विचारू नका. २३ या आकड्याचं काय करणार ते विचारा.

शेवटचं, आणि सगळ्यात व्यवहाराचं. २०२२ मध्ये अकराच्या अकरा जागा डेमोक्रॅट्सनी जिंकल्या, म्हणजे निकाल खरा लागतो प्रायमरीत, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. मेरीलँडची प्रायमरी बंदिस्त आहे. 'कुठल्याच पक्षात नाही' अशी नोंद असलेल्यांना काउन्सिलसाठी प्रायमरीत मत नाही, आणि आपल्यात अशी नोंद असलेले बरेच निघतात. पक्षाची नोंद प्रायमरीच्या सुमारे तीन आठवडे आधीपर्यंतच बदलता येते. मतपत्रिकेवर काउन्सिलसाठी पाच मतं असतात, एक डिस्ट्रिक्टचं आणि चार संपूर्ण काउंटीची. चारही द्यायलाच हवीत असं नाही. २०१८ मध्ये त्या चार जागांच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ३३ जण उभे होते. त्याच वर्षी एक्झिक्युटिव्हची प्रायमरी ७७ मतांनी सुटली, आणि २०२२ मध्ये फेरमोजणीनंतर ३२ मतांनी. गणपतीच्या आरतीला एका हॉलमध्ये याहून जास्त माणसं असतात.