चक्करची गोळी किती दिवस? एका वाचक ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'चक्करची गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवू नका' या माझ्या लेखावर तुमचा राग असा, की मी डॉक्टर नाही आणि औषधाच्या दुकानात बसून म्हाताऱ्या माणसांना घाबरवतो. तुमच्या आईंना आठ महिने याच गोळीने बरं वाटत होतं, लेख वाचून त्या आता ती घ्यायला तयार नाहीत.

हे शेवटचं वाचून फार वाईट वाटलं. 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका' हे वाक्य लेखात तळाशी राहिलं होतं, ते आज सगळ्यात वर आणलं. आणखी एक चूक कबूल करतो: सगळ्या गोळ्या मी एकाच माळेत ओवल्या. बीटाहिस्टीन वेगळं. मेनिएरच्या आजारात (आतल्या कानाचा, पुन्हा पुन्हा चक्कर आणणारा आजार) डॉक्टर ते बराच काळ देतात. दमा किंवा पोटात अल्सर असेल तर तेवढं जपून. माझा रोख प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन यांच्यावर होता, आणि तो आजही आहे.

मी डॉक्टर नाही हे खरं. पण इथे इंदूरला, रामबागेतल्या काउंटरवर रोज ऐकतो, "भैया, वो चक्कर वाली गोली दे दो." चिठ्ठी जुनी, कधी कधी गोळ्यांचा नुसता रिकामा पत्ता. आणि माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत मी स्वतःच पाच महिने तो पत्ता घरी नेऊन दिला.

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. कुशीवर वळली की खोली गरगर फिरायची, म्हणून प्रोक्लोरपेराझिन सुरू झालं. चौथ्या महिन्यात तिच्या वाती बिघडल्या. जन्मभर एकसारख्या वाती वळणारी बाई, आता एक जाड, एक बारीक. मग एका संध्याकाळी पाहिलं, कापूस खाली ठेवलेला आणि अंगठा बोटावर फिरतोच आहे, वात वळल्यासारखा. चेहरा कोरा, पावलं आखूड. आम्ही सगळे म्हणालो, वय झालं.

वय नव्हतं. हे औषध उलटी थांबवतं ते मेंदूत निरोप पोचवणाऱ्या डोपामिन या रसायनाला अडवून. तोच डोपामिन हालचालींनाही लागतो, त्यामुळे जास्त दिवस घेतल्यास पार्किन्सनसारखी लक्षणं येतात, म्हाताऱ्या माणसांत लवकर. सिनारिझिननेही हे होतं. उलटीच्या मेटोक्लोप्रमाइडचीही तीच गोष्ट. युरोपच्या औषध नियामकांनी 2013 मध्ये ते जास्तीत जास्त 5 दिवस आणि दिवसाला 30 मिलिग्रॅमपर्यंतच मर्यादित केलं. शिवाय कानाच्या आजारानंतर मेंदू तोल सांभाळायला नव्याने शिकत असतो, आणि गुंगी आणणारी गोळी त्या शिकण्यालाच खीळ घालते. पहिले दोन-तीन दिवस उलट्यांनी जीव हैराण असतो तेव्हा ती जरूर घ्यावी, तेव्हा तिच्यासारखी सोय नाही.

आत्याच्या कानात कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत गेले होते. कण गोळीने परत जात नाहीत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिला पलंगावर बसवलं, मान उजवीकडे वळवून झटकन आडवं केलं, डोकं कडेच्या जरा खाली. काही सेकंदांत तिची बुबुळं थरथर फिरू लागली. तिने माझं मनगट घट्ट धरलं. बुबुळं थांबेपर्यंत डॉक्टर थांबले, मग मान डावीकडे, मग तशीच पूर्ण कूस, नाक जमिनीकडे, आणि उठवून बसवलं. याला एपली म्हणतात. जॉन एपली यांनी ही पद्धत 1992 मध्ये प्रसिद्ध केली. दोन खेपांत आत्याचं गरगरणं गेलं. गोळी डॉक्टरांनीच बंद केली आणि थरथर ओसरायला पुढे जवळजवळ तीन महिने लागले. मानेचा त्रास असेल तर हे घरी करून बघू नका.

म्हणून आईंना विचारा, चक्कर कूस बदलताना, वर बघताना येते का? किती वेळ टिकते? हात थरथरतात का, चालताना पाय घासतो का? पत्ता बरोबर घेऊन, हे सगळं लिहून डॉक्टरांना दाखवा. आणि चक्करसोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळा पडला किंवा उभं राहवेना, तर गोळीचा विचार न करता लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.

गोळीवर नेमकं कोणतं औषध लिहिलंय ते इथे खाली कळवाल का? मी वाट बघतो.