“पंप गेलाय” म्हणण्याआधी बॉनेट तरी उघडा

आज दुपारपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय शांत होणार नाही, म्हणून लिहितेय. लांब होईल, सवडीने वाचा.

भाच्याचा फोन आला होता. त्याची जुनी डिझेल पिकअप सकाळी सुरू व्हायला फार छळते. सेल्फ मारत राहायचं, मग एकदाची पांढरा धूर सोडत, थरथरत चालू होते आणि त्यानंतर दिवसभर कसलीही तक्रार नाही. गरम असताना कितीही वेळा बंद करा, अर्ध्या सेल्फमध्ये उठते. त्याने ती एका गॅरेजमध्ये दाखवली. “मावशी, ते म्हणतायत पंप गेलाय. नवीन टाका, नाहीतर भंगारात द्या, असल्या गाडीवर आता खर्च करू नका.” मी विचारलं, तपासलं काय काय? काहीच नाही. सेल्फ मारून बघितला, धूर बघितला आणि सांगून टाकलं. बॉनेटसुद्धा उघडलं नाही.

खर्चाचा आकडा ऐकून राग आला नाही. पोराचा आवाज पडला होता, त्याचा आला. ज्या गाडीने त्याचा धंदा उभा केला, तिच्यात “आता काही राहिलं नाही” असं कुणीतरी उभ्या उभ्या सांगतं आणि त्याला ते खरं वाटतं!

अहो, डिझेल पंपाचं काम इंजिनाला दाबाने डिझेल देणं. तो झिजला तर आधी रडतो तो गरम झाल्यावर. तापलेलं डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटींतून निसटतं, दाब तयार होत नाही आणि गाडी गरम असताना सुरू होत नाही. याची तक्रार बरोबर उलटी आहे. थंड असताना अडते, गरम असताना धावते. म्हणजे आधी बघायचं ते हीटर प्लग (थंड इंजिनातली हवा तापवणारे), डिझेल लाइनमधली एअर, बॅटरी-अर्थिंग, टॅपेट (वाल्व उघडणारे भाग) आणि मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जाते का ते. पंपाचा नंबर सगळ्यात शेवटी. एवढं तर शिकाऊ पोरालाही कळायला हवं.

आणि मला हे इतकं झोंबायचं कारण म्हणजे माझ्या पिकअपलाही अगदी हाच निकाल मिळाला होता. हीच लक्षणं, हेच वाक्य. तेव्हा मी गाडी उचलून घरी आणली आणि फिल्टर ते पंप यांमधला काळा रबरी पाइप काढून तिथे पारदर्शक पाइप लावला. रात्रभर गाडी उभी ठेवली. सकाळी बघते तर पाइप अर्धा रिकामा, आणि सेल्फ मारला की आतून बुडबुड्यांची रांग. पंपाला डिझेलच मिळत नव्हतं हो! हवा मिळत होती. हवा दाबली की दबते, त्यामुळे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. मग एका स्वच्छ कॅनमधून, कॅन वर धरून, थेट पंपाला डिझेल दिलं. लगेच सुरू. ज्या पंपाला मेलेला ठरवलं होतं तो ठणठणीत होता.

दोष सापडला हौद्याखाली, टाकीच्या तोंडाशी. रबरी पाइप क्लिपखालीच चिरला होता. खाली डिझेलचा एक थेंब नाही, वासही नाही. कारण टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढणारी असते. तिथली चीर डिझेल बाहेर सांडत नाही, बाहेरची हवा आत घेते. रात्री गाडी उभी राहिली की त्याच हवेमुळे पाइपातलं डिझेल मागे टाकीत उतरतं. म्हणूनच रोग सकाळी दिसतो आणि दिवसा गायब होतो. वीतभर पाइप आणि दोन क्लिपा. पाइप बदलला, फिल्टरवरचा हँड प्रायमर (छोटा हातपंप) दाबून एअर काढली, नोझलच्या लाइनींचे नट किंचित सैल करून सेल्फ मारला, डिझेल आलं तसे आवळले. झालं.

हे सगळं मी आज फोनवर भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, “एवढंच असेल?” एवढंच असेल असं मी म्हणत नाहीये बाबा. हीटर प्लगही असू शकतील. त्यांची वायर काढून मल्टिमीटर लावायचा. चांगला प्लग साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो, मेलेला प्लग काहीच दाखवत नाही. इंजिन आणि चॅसी यांमधली अर्थिंगची पट्टी गंजलेली असू शकेल, मग बॅटरी कितीही चांगली असो, सेल्फ मंद फिरणार आणि सिलिंडरमधली हवा पेट घेण्याइतकी तापणार नाही. डिझेल गाडीला ठिणगी नसते, दाबून तापलेली हवा हाच तिचा विस्तव. माझं म्हणणं एवढंच की कारण शोधा. पार्ट बदलत सुटणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. मी पंप बदलला असता तर चिरलेला पाइप तसाच राहिला असता आणि नवीन पंपाने सकाळी तेच नखरे केले असते.

धुराचा रंग तरी नीट वाचा. सुरू होताना पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल. पण पांढरा धूर गरम झाल्यावरही टिकला, त्याला गोडसर वास आला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे बघा. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर काढून झटका. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गाडी आपणहून सांगत असते, ऐकणारा हवा.

आता लगेच कुणीतरी कमेंटमध्ये लिहील की सगळं घरी होत नाही. नाही होत, मान्य. पंपाच्या पोटातलं काम आणि नोझलचं प्रेशर सेट करणं हे टेस्ट बेंचवरच व्हायला हवं. चांगले मिस्त्रीही आहेत, मी ज्यांच्याकडून शिकले ते आवाजावरून मिसिंग (न पेटणं) कुठल्या सिलिंडरला आहे ते सांगायचे आणि तरीही लाइन सैल करून खात्री केल्याशिवाय पान्याला हात लावायचे नाहीत. आणि हो, जुनं डिझेल इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर ओकतं, तेही मान्य. म्हणूनच ते नीट सेट केलेलं असलं पाहिजे ना!

इथे मला ट्यूनिंगबद्दल बोलायचंच आहे. पंपाचा डिझेलचा स्क्रू आत फिरवायचा, मागून काळा ढग सोडायचा आणि “पिकअप वाढला” म्हणायचं, याला ट्यूनिंग म्हणू नका. जास्तीचं डिझेल जळायला हवा नसते, इंजिन तापत जातं आणि चढावर भरल्या गाडीचे पिस्टन वितळतात. ट्यूनिंग म्हणजे झिजेमुळे सरकलेली प्रत्येक गोष्ट परत कारखान्याच्या आकड्यावर आणणं.

टॅपेट घ्या. बहुतेक जुन्या इंजिनांत टॅपेटचा गॅप, म्हणजे वाल्ववरची फट, ०.२ ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो, तुमच्या इंजिनचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. वाजणाऱ्या टॅपेटला लोक घाबरतात, पण खरा धोका गप्प टॅपेटचा. गॅप संपला की वाल्व पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, वाल्वची कड जळते आणि वरून आवाज काही नाही. मी वर्षातून एकदा कव्हर काढते, इंजिन हाताने फिरवून एकेक पिस्टन वर आणते आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून बघते. गेजची पट्टी किंचित अडत, पण न अडकता सरकली पाहिजे. ती सरक बोटांना कळायला लागली ना, की त्या दुपारी मला दुसरं काही नको असतं.

टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ, तेही तसंच. रोटरी पंपाच्या मागचा बोल्ट काढून तिथे डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं माप) लावायचा, इंजिन खुणेवर आणायचं आणि पंपाचे नट सैल करून अख्खा पंप केसभर फिरवायचा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा खेळ आहे तो. वेळ फार आधी झाली तर इंजिन ठोकतं, उशीर झाला तर सकाळी धूर आणि दिवसभर मरगळ. बॉशने १९२७ मध्ये डिझेल इंजेक्शन पंपांचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं, तेव्हापासून कितीतरी दशकं हे काम निव्वळ लोखंडाने केलंय. कॅम, स्प्रिंग, दट्ट्या, बस. जुन्या प्री-चेंबर इंजिनात (डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं अशा) नोझल साधारण १२० ते १५० बारला उघडतो. आजच्या कॉमन रेलमध्ये (सगळ्या नोझलना एकाच सामायिक नळीतून डिझेल देणाऱ्या) दाब २००० बारच्या घरात आणि सगळा कारभार कॉम्प्युटरकडे. तिथे घरच्या पान्याचं फारसं चालत नाही, हे कबूल. पण म्हणूनच जी गाडी अजून आपल्या हाताला कळते, ती भंगारात द्या असं कुणी सहज म्हटलं की माझा तोल जातो. (चालू इंजिनाच्या नोझल लाइनवर गळती शोधायला मात्र कधीही हात फिरवू नका. जुन्या इंजिनाचा दाबही डिझेल कातडीत घुसवतो. पुठ्ठा धरा.)

आणि थर्मोस्टॅट! “गाडी तापते ना, काढून फेका.” किती जणांनी फेकलाय हो? अनेक इंजिनांत तो ८२ अंशांच्या आसपास उघडतो, म्हणजे तोवर इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून पाणी अडवून धरतो. काढला की इंजिन थंडच चालत राहतं, डिझेल जास्त पितं, सिलिंडर लवकर झिजतात. गाडी तापत असेल तर रेडिएटर, वॉटर पंप, बेल्ट बघा. पुन्हा तेच, कारण शोधा.

भाच्याचा मघाशी मेसेज आला, त्याने पारदर्शक पाइप मिळवलाय. मला इतकं बरं वाटलं. माझ्या पाइपातले ते बुडबुडे बघताना मला जे वाटलं होतं ते त्यालाही वाटावं. गाडी अजून जिवंत आहे, आणि ते आपण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

आता मागच्या बाजूचं थोडं, कारण पिकअपचा खरा जीव तिथे आहे आणि तिथेच लोक निष्काळजी असतात. पाटे (मागचे पट्ट्यांचे स्प्रिंग) बदलताना जुने यू-बोल्ट परत वापरू नका, ते एकदा ताणलेले असतात. शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या कडीचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा, नाहीतर रबरी बुश पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या अॅक्सलकडे जाणारा दांडा) काढण्याआधी खुणा करा, तसाच परत बसवा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. घोड्या (स्टँड) लावा, चाकांना अडण्या लावा, मग जा. यावर मी वाद घालणार नाही.

आणि तो ब्रेकचा वाल्व. बऱ्याच पिकअपना मागच्या अॅक्सलपाशी एक दांडी असते, वर चॅसीला लावलेल्या वाल्वला जोडलेली. हौदा भरलेला असला की गाडी खाली बसते, दांडी हलते आणि वाल्व मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. रिकामी असली की कमी, नाहीतर मागची चाकं जागच्या जागी लॉक होऊन गाडी फिरेल. नवीन पाटे टाकून गाडी वर उचलली गेली की हा वाल्व गाडी रिकामी आहे असं समजतो, आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी पडतो. पाटे बदलल्यावर तो परत सेट करावा लागतो. किती ठिकाणी करतात? कुठे दांडीच काढून टाकलेली असते, कुठे तारेने बांधलेली. हे बघितलं की मला नुसता राग येत नाही, भीती वाटते.

माझ्या पिकअपला नवीन पाटे बसवलेत आणि वाल्व अजून सेट व्हायचा आहे, तोवर हौद्यात माल भरणार नाही. माझ्या मॅन्युअलमधलं नेमकं तेच पान फाटलंय. कोणती गाडी आहे ते ओळखीच्या सगळ्यांना माहीतच आहे. कुणाकडे मूळ मॅन्युअल असेल तर मागच्या ब्रेकच्या प्रकरणातल्या दांडीच्या मापाच्या पानाचा फोटो काढून पाठवा. आकडे स्पष्ट दिसतील असा.