साईज तीच आहे ना, साहेब!

गुरुवारी संध्याकाळी अंबडहून कामावरून घरी आलो तेव्हा एअर रायफलच्या पेलेटचे, म्हणजे शिशाच्या छोट्या छर्ऱ्यांचे, दहा डबे येऊन पडले होते, आणि पहिला डबा उलटा करून तळाचा लॉट नंबर (एकत्र बनलेल्या मालाचा क्रमांक) वाचताच माझे डोके फिरले. मी मागवलेला लॉट हा नव्हताच. विक्रेत्याला फोन केला, तर त्याने अत्यंत शांतपणे ऐकवले, "कंपनी तीच आहे, साईज तीच आहे ना, साहेब! मग अडचण काय आहे?"

अडचण काय आहे ती इथे सविस्तर लिहितो, कारण फोनवर समजावण्याइतका संयम माझ्यापाशी उरला नव्हता.

माझी मुलगी गंगापूर रोडवरच्या एका रेंजवर दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. या प्रकारात दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, गुण दशांशात मोजतात आणि शॉट केंद्रापासून आणखी पाव मिलिमीटर सरकला की ०.१ गुण जातो. साठ शॉटच्या स्पर्धेत दर शॉटमागे सरासरी एवढेच गेले तरी एकूण सहा गुण जातात, आणि सहा गुणांत मूल यादीत कुठल्या कुठे फेकले जाते. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला अभिनव बिंद्राचे पदक हुकले ते बरोबरीनंतरच्या जादा शॉटमध्ये, १०.० विरुद्ध १०.५ असे, म्हणजे हिशेब सव्वा मिलिमीटरचा. पेलेटमुळे हुकले असे मी म्हणत नाही. पण जिथे सव्वा मिलिमीटरला एवढी किंमत आहे, तिथे "साईज तीच आहे" हे उत्तर देणाऱ्या माणसाने खुशाल दुसरा धंदा शोधावा.

डब्यावर ४.४९, ४.५० किंवा ४.५१ असे जे छापलेले असते तो पेलेटच्या डोक्याचा व्यास. दोन आकड्यांत फरक दहा मायक्रॉनचा, आणि पेलेट मऊ शिशाचा, त्यामुळे मायक्रोमीटर किंचित जास्त आवळला तरी तो दबतो. (हा उद्योग मी करून पाहिला आहे, हे कबूल करतो.) शिवाय व्यास सारखा असला तरी साचा झिजतो, मागच्या पोकळ घेराची जाडी बदलते, वजनात बारीक फरक पडतो. दुसरीकडे प्रत्येक नळीचा स्वभावही निराळा. एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी एकीला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असे नाही. कोणत्या नळीला काय मानवते ते मारूनच पाहावे लागते.

ते मारून पाहण्यात माझे तीन रविवार गेले आहेत. सातपूरच्या एका ओळखीच्या लेथवाल्याकडून रायफल घट्ट धरणारा क्लॅम्प करून घेतला, तो रेंजवरच्या जड टेबलाला बोल्टने आवळला, रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब खाली जाऊ दिला नाही आणि अकरा लॉट तपासले. पेलेट बदलला की नळीला नवे शिसे बसेपर्यंतचे पहिले काही शॉट मोजायचे नाहीत. त्यानंतर प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटच्या भोकांचे पुंजके, आणि प्रत्येक ग्रुपची रुंदी मोजायला व्हर्नियर. एका लॉटचे तिन्ही ग्रुप बाहेरच्या कडा धरून ५.६ मिलिमीटरच्या आसपास आले. त्याच कंपनीच्या, तीच साईज छापलेल्या दुसऱ्या एका लॉटचे ७.२ च्या खाली यायला तयार नव्हते. पेलेटचा स्वतःचा साडेचार मिलिमीटर व्यास वजा केला, तर पहिल्याचा फैलाव १.१ आणि दुसऱ्याचा २.७, म्हणजे जवळजवळ अडीचपट. हीच ती "तीच साईज".

यात भर म्हणून रेंजवरचे इतर पालक. "आमच्या रायफलला हाच चालतो, डोळे झाकून घ्या," असे म्हणत ते मोबाइलवर पाच शॉटच्या ग्रुपचा फोटो दाखवतात, तोही पाच-सहा ग्रुपांतून निवडलेला. त्याच नळीतून, त्याच पेलेटने पाचाऐवजी दहा शॉट मारले तर ग्रुप साधारण पाव पटीने मोठा दिसतो. ते त्या पेलेटचे पाप नव्हे, नुसते गणित आहे. पण माझे दहा शॉटचे भोक त्यांच्या पाच शॉटच्या भोकाशेजारी धरून "तुमचा जरा पसरतोय" असा निकाल भर रेंजवर दिला जातो.

आणि एवढे सगळे करून मी लॉट नंबर ऑर्डरवर लिहिला होता, फोनवर दोनदा वाचून दाखवला होता आणि पैसे आगाऊ भरले होते. मी कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडून साध्या बुशचा चुकीचा लॉट गेला तर ग्राहक सगळा माल परत पाठवतो आणि आठ दिवस खुलासे लिहीत मला बसावे लागते. हा गृहस्थ मात्र म्हणतो की परत पाठवायचे असतील तर पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा, आणि तो लॉट आता संपला आहे.

चांगल्या लॉटच्या जुन्या डब्यात मुलीने काल मोजले तेव्हा एकशे बारा पेलेट उरले होते. स्पर्धेचे साठ आणि त्याआधी सायटिंगचे, म्हणजे नेम जुळवून घेण्याचे, वीस-पंचवीस तिने वेगळ्या डबीत कापूस घालून ठेवले आहेत आणि त्या डबीला हात लावायला मलाही बंदी आहे. या रविवारी सकाळी सात वाजता मी पुन्हा क्लॅम्प घेऊन रेंजवर जाणार आहे, हे नको असलेले दहा डबे तपासायला.