‘विश्वास ठेवा, मग कसंही वागा’ : मेसेज चुकीचा आहे

बायबलमधल्या ‘रोमकरांस पत्र’ ३:२८ चा (अध्याय ३, वचन २८) हवाला देऊन एक मेसेज फिरतोय : ख्रिस्ती शिकवणीत विश्वास ठेवला की झालं, मग कसंही वागलं तरी चालतं.

वचन खरं, निष्कर्ष चुकीचा. नियमशास्त्रातल्या (मोशेच्या धर्मनियमांतल्या) कर्मांनी नव्हे, विश्वासाने माणूस देवापुढे नीतिमान ठरतो, असं या पत्राचा लेखक पौल म्हणतोच. पण तीनच अध्यायांनंतर तो विचारतो, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? आणि स्वतःच साफ नकार देतो (६:१-२). वचन एकटं वाचलं की असा घोळ होतो.

कॅथलिक आणि लुथरन हे ख्रिस्ती पंथ या मुद्द्यावर शतकानुशतकं भांडले. त्यांच्या १९९९ च्या संयुक्त जाहीरनाम्यातही हेच आहे : देव माणसाला स्वीकारतो तो केवळ कृपेने, आपल्या लायकीने नाही. सत्कर्मं ही त्याची फळं.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ६:१-२ टाका.