‘हेवी’चं खूळ आणि माझ्या मायची कंबर

एक आधीच सांगून ठेवतो. यापुढं ज्यानं माझ्यासमोर “हेवी ड्यूटी शॉकअप टाका” असं म्हणलं, त्याला मी माझ्या गाडीच्या मागच्या आडव्या सीटवर बसवून धारूरहून आडसमार्गे अंबाजोगाईला नेणार आहे. तिथं उतरून बोल म्हणावं हेवी.

दोन वर्षांखाली जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर असलेली गाडी घेतली. हौस म्हणा, गरज म्हणा. पावसाळ्यात आमच्या शेताच्या वाटेला काळी माती अशी चिकटते की दुसरी कुठली गाडी असली तर ती फाट्यावर लावून पुढं चालत जावं लागतं. चिखलात ही गाडी एक नंबर, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण डांबरीवर आली की बैलगाडी बरी. खड्डा चाकाला कळायच्या आधी मणक्याला कळतो. मायला महिन्यातून एकदा दवाखान्यात न्यावं लागतं, गुडघे आणि कंबर दोन्हीचं दुखणं. आडस यायच्या आतच ती वरची दांडी दोन्ही हातांनी धरून “पांडुरंगा, पांडुरंगा” सुरू करते. मागच्या खेपेला म्हणली, “लेकरा, मला आपलं लाल डब्यानं जाऊ दी.” दारात स्वतःची गाडी उभी, अन् माय एसटीनं जाणार! भावकीत तोंड कुठं दाखवायचं?

म्हणून ठरवलं, शॉकअप बदलायचे. मऊ पाहिजेत. एवढंच मागणं. सोनं मागत नव्हतो.

मिस्त्री गाडीखाली न वाकताच म्हणला, “हेवी टाका, गॅसवाले. परत बघायचं काम नाही.” मी म्हणलं, बाप्पा, मला मऊ पाहिजे. “हेवी टाकल्यावर मऊच होतंय की.” कसं होतंय, हे विचारायची सोय नाही. लातूरला दुकानात गेलो. खोक्यावर बर्फाचा डोंगर, डोंगरावर चिखलानं माखलेली गाडी. काउंटरवरचं पोरगं म्हणतं, “दादा, लडाखला जाणारे हेच नेतात.” अरे, मला लडाखला जायचंच नाही! मला अंबाजोगाईला जायचंय, तेही नंबर लावायला दहाच्या आत. गाडीत किती माणसं बसतात, मागं ओझं किती असतं, रस्ता कसला, टायर कोणते, यातलं एक अक्षर त्यानं विचारलं नाही. आणि मीही शहाणा, पैसे मोजले. चार शॉकअपच्या पैशात दोन दुभत्या शेळ्या आल्या असत्या.

बसवून घेऊन निघालो. गावाबाहेरच्या पहिल्याच गतिरोधकावर कळलं की काशी झाली. आधी गाडी आदळायची, आता ठोसा मारायला लागली. माय काहीच बोलली नाही. पांडुरंगसुद्धा नाही. ते जास्त लागलं.

दुकानदाराला फोन केला तर, “एकदा बसवलेला माल परत घेत नाही. चालवा अजून, सेट होतील.” शॉकअप सेट होतील रे, माय सेट होईल का?

मग रात्र रात्र बसून वाचलं, व्हिडिओ बघितले, जुना काढलेला शॉकअप गोठ्यात उभा करून हातानं दाबून बघितला. आणि डोकं अजूनच फिरलं, कारण गोष्ट इतकी साधी आहे. गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, ते पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या उचलतात. शॉकअपमध्ये तेल असतं, आणि बारीक भोकं असलेला पिस्टन त्या तेलातून वरखाली होतो. पाट्याची उसळी आवरणं एवढंच त्याचं काम. जितका ‘हेवी’ तितका तो जास्त अडवणार. दाबताना अडवलं तर खड्ड्याचा दणका सरळ बॉडीत. उसळताना जास्त अडवलं तर त्याहून वाईट: एका खड्ड्यात दबलेलं चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो, मग तिसरा, आणि पाटा दबत दबत जाऊन शेवटी चेसीखालच्या रबरावर ठोकतो. आणि आमच्याकडं खड्डे काय एकेकटे येतात? आमच्याकडं खड्ड्यांची वरात असते.

खड्डे नसतील तिथं लाटा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर वरखाली होतं. त्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. राहिलेली कसर गतिरोधक भरून काढतात. इंडियन रोड्स काँग्रेसनं गतिरोधकाचं माप ठरवून दिलंय, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरनं आरामात निघता यावं असा. आमच्याकडं माप एकच, ठेकेदाराकडं उरलेला माल. हातभर रुंद, आणि उंची अशी की दुचाकीचं पोट घासतं. तर अशा रस्त्याला शॉकअप कसला लागतो हे सांगायला इंजिनिअर लागतो का?

गॅसवाला म्हणजे भारी, हे अजून एक खूळ. शॉकअप एका नळीचा असो की दोन नळ्यांचा, गॅस दोन्हींत असतो रे बहुतेक. एका नळीच्या शॉकअपमध्ये नायट्रोजन जबरदस्त दाबानं भरलेला असतो. असला शॉकअप लवकर गार होतो, तासन् तास दगडधोंड्यांतून पळवला तरी ढिला पडत नाही, पण अंगाला कडक लागतो. दोन नळ्यांचा, कमी दाबाचा असतो तो एरवी नरम चालतो. लई रेटला तर तेल तापून फेसाळतं, एवढंच. मायला घेऊन मी ताशी चाळीसनं जातो. माझं तेल कशाला फेसाळतंय? डोकं फेसाळलंय ते वेगळं.

बरं, आता कळलं म्हणून तसला घ्यायला जावं तर माहितीच नाही. दाबल्यावर लांबी किती, ताणल्यावर किती? खोक्यावर नाही, दुकानदाराला माहीत नाही. माझी गाडी आधीच्या मालकानं दोन इंच उचलून घेतलेली. शॉकअप आखूड पडला तर चाक खाली जाताना तोच खट्कन ताणून धरणार, लांब पडला तर दबताना त्याचाच बुडखा आपटणार. “बसतोय ना? मग झालं,” हे आमच्याकडचं माप. नरम-कडक करायची चावी असलेलेही मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून शेळीवरून थेट म्हशीवर जावं लागतं.

लोकांचे अभिप्राय वाचायचे म्हणलं तर “कडक आहे भावा, गाडी रोडला चिकटून चालते.” चिकटून चालते! हायवेला ताशी शंभरनं जाणाऱ्याला ते चांगलंच वाटणार. आमच्यात ‘कडक’ म्हणजे चहासुद्धा चांगला. म्हातारं माणूस बसवलं तर कसं वाटतं, हे कोणीच लिहीत नाही.

आणि खरी आग तर पुढं आहे. परवा पंक्चर काढायला थांबलो, सहज हवा मोजायला लावली. ४२! आधीच्या टायरवाल्यानं “जाड टायर आहेत, जास्त हवा लागती” म्हणून ठोकून भरलेली. दरवाज्याच्या पट्टीवर कंपनीनं आकडा छापलाय, तो बघायची कुणाला गरज? त्या आकड्यावर आणली, आणि फुकटात अर्धी गाडी मऊ झाली. मी तिथंच टायरवर बसलो. दोन शेळ्या, ओ!

मग स्वतः खाली घुसून मागचे पाटे मोजले. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूलाही सात, आणि त्यातला एकेक पाटा वेगळ्याच लोखंडाचा. आधीचा मालक सरकी-पेंडीची पोती वाहायचा, त्यानं ओझ्यासाठी जादा घालून घेतलेला. मधे ग्रीसचा थेंब नाही, नुसता गंज. पोती गेली, पाटा राहिला, आणि त्यावर माय बसलीय. मिस्त्रीच्या हाताखालून ही गाडी चारदा गेली. चारदा!

काल त्यालाच सांगितलं, जादा पाटा काढ, बाकीचे घासून ग्रीस लाव, आणि हे हेवी उतरवून जुन्या मापाचे साधे दोन नळ्यांचे टाक. तर तोंड वाकडं करून म्हणतो, “पाटा काढला तर गाडी मागं बसंल बरं का. मग मला म्हणू नका.”

“बसू दे,” म्हणलं. “मायपण बसंल.”