रुमाल सोडणाऱ्या बाया

मैत्रिणीचा आवाज फोनवर येऊन पडला तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे अकरा वाजले असतील. इथे इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्डला माझी जेवणाची सुट्टी चालली होती. "दिवसभर मोडी वाचतोय गं. डोळं फुटायची वेळ आली. आणि सायंकाळी सांगितलं, उद्यापासनं येऊ नका, काम संपलं."

'वाचतोय' म्हणणारी ही बाईच आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे बाया 'आलो, गेलो, जेवलो'च म्हणतात. मीही घरी फोन लावला की 'आलो' म्हणते आणि इथल्या मराठी मंडळात सवयीनं 'आले' म्हणते. असो.

मैत्रीण मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायच्या कामावर होती. २०२३च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभरात जुनी दप्तरं उघडू लागली. भूमी अभिलेखातली, तहसिलातली, शाळांची जनरल रजिस्टरं. त्यातलं कितीतरी मोडीत. शाळेतून मोडी जाऊन सत्तरेक वर्षं झाली, त्यामुळे वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि एरवी ज्यांना कुणी चहा विचारत नव्हतं त्यांना घरी गाडी यायला लागली. हिनं छंद म्हणून मोडीचा वर्ग केला होता. छंदाचा रोजगार झाला, पण पानाच्या हिशोबावरचा. ऑर्डर नाही, ओळखपत्र नाही, सही करायला मस्टर नाही.

घरच्या ग्रुपवर तेव्हापासून एकच वाद आहे. कुणाची नोंद धरायची, कुणाची नाही. सगेसोयरे म्हणजे नेमके कोण. आईकडची नोंद चालावी की नको. माझा चुलतभाऊ आणि मामेभाऊ यावरून सहा महिने बोलत नव्हते. या वादावर माझं मत आहे, पण ते इथे मांडत नाही, कारण मला दुसरंच काही खटकतं. इतक्या तावातावाच्या भांडणात ती नोंद वाचली कुणी, हे एकानंही विचारलं नाही. जणू रुमालातून, म्हणजे दप्तर बांधायच्या कापडातून, कागद आपणच चालत बाहेर आला आणि देवनागरीत बोलायला लागला.

मी इथे अभिलेखपाल, म्हणजे जुनी दप्तरं लावणारी आणि सांभाळणारी. मी ज्या गावात राहते तिथे राज्याच्या पुराभिलेखागाराची इमारत आहे, १९३८ सालची. तिला नाव आहे मार्गारेट क्रॉस नॉर्टन या बाईंचं. १९२२ ते १९५७ अशी पस्तीस वर्षं त्या इलिनॉयचं दप्तर सांभाळत होत्या. शिकल्या होत्या इतिहास, पण त्यांचं सगळं भांडण इतिहासकारांशीच. दप्तर हे आधी कारभाराचं हत्यार आहे, त्यावर माणसांचे हक्क उभे असतात, इतिहास लिहिला जातो तो नंतरचा फायदा, असं त्या सांगत राहिल्या. कोल्हापुरात बसून हे वाचलं असतं तर मला कोरडं वाटलं असतं. शिंदे समितीनंतर वाटत नाही. एका ओळीवर पोराचा दाखला अडतो तेव्हा ती ओळ इतिहास नसते.

अमेरिकेतल्या अभिलेखपालांची संस्था १९३६मध्ये स्थापन झाली आणि १९४३ ते १९४५ नॉर्टन तिच्या अध्यक्ष होत्या. यावरून कुणालाही वाटेल, इथे बायांचं बरं चाललं होतं. नव्हतं. पुढच्या पंचवीसेक वर्षांत अध्यक्षपदावर बाई क्वचितच दिसते. बाया होत्या त्या यादी करणाऱ्या, खोकी भरणाऱ्या, वाचनकक्षात टेबलामागे बसणाऱ्या. नियम ठरवणारं टेबल वेगळं होतं.

मग १९७२मध्ये संस्थेत स्त्रियांच्या स्थितीबद्दल एक समिती बसली. तिच्या आसपासच्या बायांनी जे केलं ते मला फार आवडतं, कारण ते अगदी आमच्या धंद्याला शोभणारं होतं. त्यांनी मोजलं. सभासद किती बाया, कार्यकारिणीवर किती, परिषदेत बोलायला कितीजणींना उभं केलं, त्रैमासिकात कितीजणींचे लेख आले. १९७३मध्ये मेबल ड्यूट्रिख यांनी हे संस्थेच्याच त्रैमासिकात छापलं. त्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये कामाला होत्या, म्हणजे घरातल्याच. बाहेरून दगड मारला असता तर खिडकी बंद झाली असती. घरातल्या बाईनं घरचाच जमाखर्च टेबलावर ठेवला तर तो खोटा कसा म्हणणार?

हे सांगितलं की आमच्या मंडळातले एक काका म्हणतात, "बघ, अमेरिका!" म्हणून पुढचंही सांगते. १९५६च्या पाहणीत इथल्या अभिलेखपालांत बाया साधारण एक तृतीयांश होत्या. २००४च्या गणनेत उलटं झालं, बाया दोन तृतीयांशाच्या जवळ गेल्या. जिंकलो? मी या धंद्यात आले तेव्हा सगळ्या खोलीत बायाच होत्या आणि त्यातल्या निम्म्या मुदतीच्या नोकरीवर. अनुदान आलं की जागा निघते, अनुदान संपलं की जागा संपते. माझ्या पहिल्या तीन नोकऱ्या अशाच. तिसऱ्या ठिकाणी (नाव घेत नाही) मी एका कुटुंबाच्या कागदांची सव्वाशे खोकी लावली, सूची लिहिली, आणि सूची प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यावर नाव विभागप्रमुखांचं होतं. माझा करार आधीच्या शुक्रवारी संपला होता. त्या रात्री मी मैत्रिणीला फोन केला होता. आता तिचा मला आला.

म्हणजे संख्या वाढली की मान आपोआप येतो हे खोटं. कधीकधी उलटंच होतं. ज्या कामात बाया भरतात त्याला जग 'आवड' म्हणायला लागतं, आणि आवडीला पगार कशाला? इथे जे थोडंफार सुधारलं ते चिवटपणानं. नोकरीच्या जाहिरातीत पगार लिहा, बिनपगारी इंटर्नशिप छापू नका, अशा मागण्या वर्षानुवर्षं रेटल्या गेल्या. १ जानेवारी २०२५पासून इलिनॉयमध्ये पंधरा किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाला जाहिरातीत पगार सांगणं कायद्यानंच भाग आहे. हा कायदा सगळ्यांसाठी आहे, अभिलेखपालांसाठी नव्हे. पण तो आल्यावर आमच्यातल्या दोघींना कळलं की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आपल्यापेक्षा किती जास्त मिळतं.

काकांचं दुसरं म्हणणं, "सगळं स्कॅन करून टाका ना, वाचायला माणसं कशाला?" परदेशातल्या मराठी माणसाला गावाकडच्या कुठल्याही दुखण्यावर स्कॅनर हे औषध वाटतं. अहो, फेरिस्त, म्हणजे कागदांची यादी, नसेल तर दहा लाख फोटो म्हणजे दहा लाख बंद रुमालच. कागद कुठल्या फडातला म्हणजे कचेरीतला, कुठल्या सालचा, आधीचं पान कुठलं, हे माणूसच लिहितो. आणि पंचगंगेच्या पुरानं २०१९ आणि २०२१ला जे दाखवलं, त्यानंतर भिजलेले कागद एकेक सुटे करून पंख्याखाली वाळवणं हे कुठलं मशीन करणार होतं?

या बायांनी एकत्र यावं म्हटलं की गावाकडचा आक्षेप वेगळा असतो. तो ऐकायला गोड आणि आत कडू. "चार बाया त्या, कसली संघटना काढता?" कोल्हापुरात हे बोलावं म्हणजे कमाल आहे. ज्या गावात टोलविरोधात अख्खं शहर रस्त्यावर येतं, अंगणवाडीच्या बाया उन्हातान्हात मोर्चे काढतात, तिथे मोडी वाचणाऱ्या, दप्तरखान्यात बसणाऱ्या, विद्यापीठातल्या हस्तलिखितांची देखभाल करणाऱ्या बायांनी एकत्र बसायचं म्हटलं की ते हसण्यावारी जातं. चारच आहेत हे तर एकत्र यायचं कारण आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या कार्यालयात, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानं अंतर्गत समितीची सक्ती नाही, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे न्यावी लागते. दप्तरखान्यात एकट्या बसणाऱ्या किती बायांना हे कुणी सांगितलं आहे? पुरुष वाचकाबरोबर दिवसभर एका अंधाऱ्या खोलीत, बायांसाठी संडास नाही, धुळीनं घसा धरलेला, मास्क स्वतःच्या पैशानं. या गोष्टी क्षुल्लक वाटतात त्यांनी एक दिवस रुमाल सोडून बघावेत.

आणि नाव. जुने मोडी कागद चाळलेल्यांना 'कोम' हा शब्द ठाऊक असतो. 'अमकी कोम तमका', म्हणजे तमक्याची बायको. पुरुष 'बिन'वर बापाला टांगलेला, बाई 'कोम'वर नवऱ्याला. इथेही बायांचे कागद कितीतरी वर्षं नवऱ्याच्या नावापुढे 'मिसेस' लावून ठेवले जात आणि आता त्या बायांची स्वतःची नावं शोधून सूच्या दुरुस्त होताहेत. ज्या बाईनं दौलत चालवली तिची गोष्ट निराळी. ताराबाईंच्या काळातले कागद शिवाजी विद्यापीठानं आप्पासाहेब पवारांच्या संपादनाखाली खंडच्या खंड छापले. राणी नसलेल्यांचं नाव उरतं ते पद असेल तर. शाहू महाराजांच्या काळात रखमाबाई केळवकर मुलींच्या शाळांच्या अधीक्षक होत्या, त्यांची मुलगी कृष्णाबाई आजच्या सीपीआरमध्ये, तेव्हाच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, डॉक्टर. नेमणूक झाली, हुकूम निघाला, म्हणून शंभर वर्षांनंतरही आपण त्यांना नावानं ओळखतो. माझ्या मैत्रिणीनं दोन वर्षांत किती ओळी वाचल्या आणि त्यावर किती घरांचे दाखले निघाले, याचा कागद कुठल्याच दप्तरात नाही. पुढे कुणी या मोहिमेचा इतिहास लिहील तेव्हा तिथे समिती असेल, मंत्री असतील, उपोषणं असतील.

म्हणून मी तिला मोर्चा काढ म्हटलं नाही. इतक्या लांबून मोर्चा सुचवणं सोपं असतं, आणि पोलिसांची नोटीस काही माझ्या दारात येणार नसते. मी म्हटलं, एक वही कर. कोण बसलं, किती दिवस, किती पानं, किती पैसे, कधी मिळाले.

रविवारी रंकाळ्यावर सहाजणी जमल्या. एकीनं पोराला आणलं होतं, एकीनं सासूला. भेळ खाऊन झाल्यावर वही निघाली. रकाने मी आखून पाठवले होते. नाव, गाव, मोडी कुठे शिकलात, पद, मोबदला. पहिले तीन रकाने पटापट भरले. चौथ्यावर थांबल्या. "पदात काय लिवायचं?" मैत्रिणीनं तिथूनच फोन केला. "चौघींकडं पदच न्हाई. व्हाउचर हाय."

मी म्हटलं, व्हाउचरवर काय लिहिलंय ते बघून तेच उतरव. ती पर्स उचकटून वाचायला लागली. "किरकोळ खर्च."