एक मूल, एक दात? हिशेब चुकलाय

पुण्यातल्या धायरीत माझ्या दातांच्या दवाखान्यात मागच्या आठवड्यात पाचव्या महिन्यातली एक मुलगी आली. गाल सुजलेला, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. "आधी का नाही आलीस गं?" म्हटलं, तर तिने फोनच पुढे केला. सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज: 'गरोदर भगिनींनो, दात सांभाळा'. हाच मेसेज मला याआधी तिघींनी दाखवलाय, तेव्हा आता एकेक मुद्दा घेतेच.

"बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं. एक मूल, एक दात."

माझी आजीही हेच म्हणायची, आणि तिच्या तोंडात खरंच दात उरले नव्हते. पण त्याला जबाबदार आम्हा नातवंडांचे आईबाप नव्हते. बाळाच्या हाडांना सगळं मिळून साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम लागतं, तेही बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. ते आईच्या जेवणातून जातं, तिथे कमी पडलं तर तिच्या हाडांतून. हाडात रक्तवाहिन्या असतात, जिवंत पेशी असतात, तिथे देवघेव चालूच असते. दाताच्या वरच्या कवचात यातलं काहीच नाही. तिथून कॅल्शियम काढून रक्तात नेणारी वाटच नाही.

मग या दिवसांत दात किडतात ते का? दर दोन तासांनी तोंडात काहीतरी पडतं म्हणून. मळमळ दाबायला बिस्किट, डोहाळे म्हणून चिंच, मध्यरात्री पेढा. त्यात पेस्टच्या वासानेच ढवळतं, मग ब्रश राहून जातो. वर उलट्या. पोटातल्या आम्लाने कवच मऊ पडतं आणि लगेच ब्रश केला तर ते घासलं जातं. म्हणून उलटीनंतर कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरायची, ब्रश तासाभराने. वासाचा त्रास असेल तर पेस्ट बदला, लहान मुलांचा छोटा ब्रश घ्या. डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या जरूर घ्या, पण त्याने दाढेतलं भोक बुजणार नाही.

"हिरड्यांतून रक्त आलं तर ब्रश बंद करून मिश्री लावावी."

हे वाचून मात्र माझा तोल गेला. गरोदरपणात संप्रेरकं वाढतात आणि दातांवरच्या चिकट थराला हिरड्या जास्तच चिडून उत्तर देतात. सुजतात, रक्त येतं. ब्रश थांबवला की थर वाढतो, थर वाढला की रक्त वाढतं. मऊ ब्रश, दोन वेळा, रक्त आलं तरी. कधी दोन दातांच्या मध्ये लालभडक गाठ येते. तिचं रूप घाबरवणारं असलं तरी तो कॅन्सर नव्हे, बहुधा बाळंतपणानंतर ती आपोआप ओसरते. तरी एकदा दाखवा.

आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. हवेली-वेल्ह्याकडच्या बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलं की "छे, छे!" आणि "दात कशाने घासता?" विचारलं की "मिश्रीनं". ती कुणी तंबाखूत धरतच नाही. पण निकोटीन हिरड्यांतून रक्तात आणि तिथून बाळापर्यंत पोचतं. वजन कमी भरणं, दिवस भरायच्या आत प्रसूती, पोटातच बाळ दगावणं, हे धोके त्याने वाढतात. रक्त थांबल्यासारखं वाटतं, कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. आतला आजार चालूच.

"क्लीनिंगने दात हलतात."

फटीत बसलेला दगडासारखा थर निघाला की फट जाणवते, इतकंच. आता उलट्या बाजूनेही एक भीती घातली जाते: हिरड्यांचे उपचार केले नाहीत तर बाळ लवकर होतं. हिरड्यांचा आजार आणि अकाली प्रसूती बऱ्याचदा एकत्र आढळतात हे खरं. पण २००६ साली अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत उपचारांनी अकाली प्रसूती कमी झाल्या नाहीत. उपचारांमुळे आईला किंवा बाळाला अपायही झाला नाही. मला ही दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटते.

"एक्स-रे, भूल, रूट कॅनाल, सगळं बाळंतपणानंतर."

नंतर म्हणजे कधी? सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही, पुढे बाळ सोडत नाही. दाताच्या एक्स-रेचा रोख जबड्यावर असतो आणि मात्रा अगदी अल्प. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तो गरोदरपणात सुरक्षित असल्याचं २०१३ मध्येच सांगितलंय. लिग्नोकेनची भूलही चालते. घातक असतो तो साचलेला पू. सोयीचा काळ चौथा ते सहावा महिना, पण सूज आणि ताप असेल तर महिना बघायचा नाही. शेवटी शेवटी उताणं झोपून चक्कर येते, तेव्हा उजव्या कुशीखाली उशी देऊन डावीकडे कलतं झोपवतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, विसाव्या आठवड्यानंतर तर नकोच. डॉक्सिसायक्लिनच्या जातीच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी बाळाचे दात पिवळे पडू शकतात.

त्या मुलीची दाढ मी भूल देऊन उघडली, पू काढला. दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाईंचा फोन आला, झोपली म्हणून.

पैशांची अडचण असेल तर धनकवडीचं भारती विद्यापीठ किंवा कॅम्पातलं आझम कॅम्पसचं रंगूनवाला, या डेंटल कॉलेजांच्या ओपीडीत खासगीपेक्षा कमी खर्चात काम होतं. वेळ मोडतो. जाताना बाळंतपणासाठी नाव नोंदवल्याची फाइल आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या, आणि खुर्चीत बसायच्या आधीच कितवा महिना ते सांगा.